दवाखान्याची पावती जपून ठेवा

 

मी बचत गटांचं काम बघते. गटाच्या बैठकीत अंतर्गत कर्ज मागताना एक कारण नेहमी येतं, ते म्हणजे दवाखाना. आज त्याच कारणाबद्दल बोलायचं आहे, कारण त्यात माझी एक चूक झाली.

आमच्या एका गटातली ताई दुसऱ्याच्या शेतावर सोयाबीन काढायला मजुरीने गेली. मळणी यंत्रात हात गेला, दोन बोटं गेली. मालकाने पाच हजार दिले आणि 'आता माझी काही मागणी नाही' अशा कागदावर तिची सही घेतली. गटाने तीस हजारांचं कर्ज दिलं. वहीत मी कारण लिहिलं, 'आजारपण'. पण बायांनो, ते आजारपण नव्हतं. तो कामावरचा अपघात होता आणि उपचाराचा खर्च मालकाने द्यायचा होता. हे मला वर्षभराने कळलं. तोवर औषधांच्या निम्म्या पावत्या हरवल्या होत्या.

कायदा काय सांगतो ते ऐका. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा 1923 सालचा. त्यात हात-पाय गेला, जीव गेला तर भरपाई होती, पण दवाखान्याच्या खर्चाचं कलम नव्हतं. ते 2009 च्या दुरुस्तीने आलं. कामावर झालेल्या इजेच्या उपचाराला जेवढा प्रत्यक्ष खर्च झाला, तेवढा मालकाने परत द्यायचा. अपंगत्वाची भरपाई त्याशिवाय, वेगळी. 21 नोव्हेंबर 2025 पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, पण हा हक्क तिच्यातही आहे.

मात्र या हक्काला कुंपणं आहेत, तीही माहीत हवीत.

पहिलं कुंपण पावतीचं. प्रत्यक्ष खर्च म्हणजे दाखवता येईल असा खर्च. बिल नाही, तर मागणी लंगडी पडते. बुडालेली मजुरी या खर्चात धरत नाहीत, तिचा हिशोब वेगळा असतो.

दुसरं कुंपण मुदतीचं. अपघाताची खबर मालकाला लवकरात लवकर, लेखी द्यायची आणि दावा दोन वर्षांच्या आत करायचा. उशिराला सबळ कारण असेल तर ते ऐकून घेतात, पण त्यावर विसंबू नका. इजेमुळे तीन दिवसांपेक्षा जास्त काम करता आलं नाही, तरच मालकावर जबाबदारी येते.

तिसरं कुंपण कामाचं. शेतातलं प्रत्येक काम यात बसेलच असं नाही. ट्रॅक्टर आणि यंत्रांनी होणारी शेती, यंत्राची मळणी, औषध फवारणी ही कामं यादीत आहेत. आपल्याकडे द्राक्षबागांत फवारणी किती चालते, ते तुम्हाला सांगायला नको. नुसत्या खुरप्याच्या कामात इजा झाली, तर आधी वकिलाला विचारा.

चौथं कुंपण ईएसआयचं. सातपूर, अंबडच्या कारखान्यांत जाणाऱ्या बायकांनी हे नीट ऐकावं. तुम्ही ईएसआयमध्ये असाल, तर त्या इजेसाठी मालकाकडून या कायद्याने भरपाई मागता येत नाही. उपचार आणि पैसे ईएसआयकडूनच. सातपूरला त्यांचं रुग्णालय आहे. घाईत खासगी दवाखान्यात जावं लागलं, तर ईएसआयला लगेच कळवा, नाहीतर बिल अंगावर पडू शकतं.

आता दोन दिलाशाच्या गोष्टी. मालकाने 'मागणी नाही' असं लिहून घेतलं, म्हणून कायद्याने दिलेला हक्क जात नाही. आणि मुकादमाने नेलं असेल आणि काम मूळ मालकाच्या धंद्याचं असेल, तर त्या मालकाकडेही मागता येतं. रोजंदारीवर होतो, हजेरीपटावर नाव नव्हतं, म्हणून गप्प बसू नका.

1 जानेवारी 2023 ला इगतपुरीजवळ मुंढेगावच्या कारखान्यात आग लागली. महिला कामगारांचे जीव गेले, सरकारने मदत जाहीर केली. एवढी मोठी आग सगळ्यांना दिसते. मळ्यात एका बाईची दोन बोटं गेली तर कोण येतं? तिच्या बाजूने बोलायला तिचे कागदच असतात.

आमच्या ताईला आम्ही जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे नेलं. तिथे बाईला वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. फोन नंबर 15100, लिहून घ्या. दवाखान्याने काही बिलांच्या प्रती दिल्या, औषध दुकानाच्या पावत्या मिळाल्या नाहीत. दावा दाखल झाला आहे. पण हरवलेल्या पावत्यांचे पैसे ती आजही हप्त्याने आमच्याच गटाला फेडते आहे. ते बघून मला बैठकीत मान वर करवत नाही.

म्हणून आमच्या गटांत आता एक नियम आहे. दवाखान्यासाठी कर्ज मागितलं की पहिला प्रश्न, इजा कुठे झाली? कामावर झाली असेल तर वहीत 'कामावरचा अपघात' असंच लिहायचं, तारीख, जागा आणि मालकाचं नाव घालून. डॉक्टरांनाही तसंच सांगायचं, म्हणजे केसपेपरवर तशी नोंद होते. आणि सगळ्या पावत्या एका पिशवीत, गटाच्या पेटीत.

कर्ज द्यायला गट आहेच. पण मालकाचं देणं आपल्या वहीत चढू देऊ नका. पुढच्या बैठकीत हा विषय घ्याल ना?