गट आला की बायका आल्या?

पनवेल तालुक्यातल्या सगळ्या बचत गटांच्या ताई, वहिनी आणि मावश्यांनो, आजचा विषय आहे इंग्रजी व्याकरणाचा. लगेच रेडिओ बंद करू नका हं! हा विषय फिरून आपल्याच ठरावाच्या वहीपाशी येणार आहे.

मेथीची जुडी, लाकडांची मोळी, केळ्यांचा घड, कर्नाळ्याच्या रानावरून उडणारा पाखरांचा थवा. वस्तू अनेक, पण शब्द एक. अशा शब्दांना व्याकरणात समूहवाचक नाम म्हणतात. आपला ‘गट’ हा शब्दही त्यातलाच. मराठीत आपण म्हणतो, जुडी सुकली, थवा उडाला, गट जमला. आत वीस बायका असल्या तरी ‘गट जमले’ असं म्हणत नाही. वीस गट आले तरच ‘गट जमले’.

इंग्रजीत ग्रुप, टीम, कमिटी, फॅमिली हे असेच शब्द. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे घरात मुलं विचारतात, “आई, टीम इज की टीम आर?” सांगायला सोपं आहे. अमेरिकेत बहुतेक वेळा एकच मानतात, म्हणून ‘इज’, ‘हॅज’. ब्रिटनमध्ये दोन्ही चालतं. सगळे मिळून एक काम करत असतील तर ‘द कमिटी हॅज डिसायडेड’, म्हणजे समितीने ठरवलं आहे. पण आतल्या आत मतं वेगळी असतील तर ‘द कमिटी आर डिव्हायडेड’, म्हणजे समितीतल्या लोकांत फूट आहे. ‘पोलीस’ आणि ‘पीपल’ या शब्दांना मात्र दोन्हीकडे ‘आर’च लागतं, जसं आपण ‘लोक आले’ म्हणतो.

प्रदर्शनासाठी किंवा मोठ्या दुकानासाठी गटाची माहिती इंग्रजीत लिहायची वेळ आली, तर एवढं करा. गट एक म्हणून बोलत असेल तर ‘अवर ग्रुप मेक्स पापड’. बायकांबद्दल सांगायचं असेल तर सरळ ‘द मेंबर्स ऑफ अवर ग्रुप आर फार्मर्स’. इथे ‘आर’ आलं ते मेंबर्समुळे. जवळ ‘ग्रुप’ शब्द दिसला म्हणून ‘इज’ लिहू नका. आणि एका वाक्यात गटाला एक मानलं, तर पुढच्या वाक्यात मध्येच अनेक करू नका.

आता आपली वही उघडू या. वहीत आपण लिहितो, ‘गटाने ठरवले’. समजा लिहिलं, ‘बायकांनी ठरवले’. ‘ठरवले’ हे दोन्हीकडे सारखंच! मराठीत ‘ने’ किंवा ‘नी’ लागलं की क्रियापद करणाऱ्याकडे बघतच नाही. त्यामुळे ‘गटाने ठरवले’ यामागे वीसजणी होत्या की तिघीच, हे त्या शब्दावरून कुणालाच कळत नाही.

हे का महत्त्वाचं? नाबार्डने १९९२ साली बचत गट बँकेशी जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून खातं गटाच्या नावाने निघतं, कर्जही गटाच्या नावाने मिळतं. बँकेसाठी गट एक आहे, इंग्रजीतला ‘इज’. पण हप्ता भरायचा तो दहा-वीस हातांनी. तिथे आपण ‘आर’ असतो.

समजा, वहीत लिहिलं, ‘गटाने ४०,००० रुपये कर्ज घेण्याचे ठरवले’. खाली अध्यक्ष आणि सचिवांच्या सह्या. तीन महिन्यांनी एखाद्या ताईकडे हप्ता मागितला आणि ती म्हणाली, “मला कुणी विचारलं होतं?” तर वही तिला काय उत्तर देणार? आणि तिला खरंच विचारलं नसेल, तर तिने बोलायचं कुणाकडे?

म्हणून आम्ही गटांना सांगतो, ‘गटाने ठरवले’ ही ओळ राहू द्या, बँकेला ती लागते. पण तिच्याखाली ‘बायकांची ओळ’ लिहा. सभेला कोण कोण हजर होतं, कुणी किती रक्कम घेतली, हप्ता किती, कुणाचा नकार होता. नकार लिहायला लाजू नका. मग ठराव मोठ्याने वाचून दाखवा, कारण सगळ्यांना वाचता येतंच असं नाही. ऐकून झाल्यावरच सही किंवा अंगठा.

आणखी एक गोष्ट आपल्या भाषेकडे आहे, ती इंग्रजीकडे नाही. इंग्रजीत एकच ‘वुई’. आपल्याकडे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे. अध्यक्षताई सभेत म्हणाल्या, “आम्ही ठरवलंय,” तर समोर बसलेली त्यात नाही. “आपण ठरवलंय,” म्हणाल्या तर ती आत आली. पण ‘आपण’ म्हणायचं, तर आधी तिला विचारलेलं हवं.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एक काम करा. मागचे तीन ठराव काढा आणि सगळ्यांसमोर वाचा. प्रत्येक ठरावाला विचारा, यातलं ‘गटाने’ म्हणजे नक्की कोण कोण? नावं सांगता आली तर छान. नाही सांगता आली, तर पुढच्या ठरावापासून ती लिहायला लागा. आणि मुलांनी इज की आर विचारलं, तर त्यांना हीच वही दाखवून समजवा.