एकाच प्रयोगशाळेतली भावंडं

आजचं पुस्तक म्हणजे खरं तर तीन पुस्तकं आहेत: एन. के. जेमिसिन यांची 'द ब्रोकन अर्थ' ही कादंबरीत्रयी. पहिला भाग 2015 चा, शेवटचा 2017 चा. तिन्ही भागांना लागोपाठ तीन वर्षं ह्यूगो पुरस्कार मिळाला. हे याआधी कुणालाच जमलं नव्हतं.

आपल्यापैकी बरेच जण सकाळी जमिनीवर पाय टेकण्याआधी धरणीची क्षमा मागणाऱ्या घरांतले. संस्कृतात 'क्षमा' हे पृथ्वीचंच एक नाव आहे. आई आहे, सोसेल, हे आपण गृहीत धरलेलं. जेमिसिनच्या जगात पृथ्वी आई नाही, बाप आहे. आणि तो भयंकर चिडलाय, कारण माणसांमुळे त्याचं मूल, म्हणजे चंद्र, त्याच्यापासून तुटलं. भूकंप होतात, ज्वालामुखी फुटतात, राखेनं सूर्य झाकला जातो आणि सहा महिन्यांपासून कित्येक वर्षांपर्यंत हिवाळा हटत नाही. त्यालाच तिथे 'पाचवा ऋतू' म्हणतात.

चंद्र तुटला कसा, हे तिसऱ्या भागात कळतं आणि मला तोच भाग सगळ्यात आवडला. 'सिल अनाजिस्ट' नावाचं एक अतिप्रगत राज्य. त्यांना ऊर्जा कितीही मिळाली तरी कमीच. शेवटी थेट पृथ्वीच्या गाभ्यातून ती ओढायचं ठरतं. त्यासाठीचं यंत्र चालवायला प्रयोगशाळेत काही जीव घडवले जातात. एकत्र वाढलेली ती भावंडंच. आपण कुणाच्या जिवावर उठलोय हे कळल्यावर ती यंत्र मालकांवरच उलटवायचं ठरवतात. तिकडून पृथ्वीही उसळते. त्या झटापटीत चंद्र लांब भिरकावला जातो आणि ही भावंडं दगडाची होतात, जवळजवळ अमर.

पुढे सुमारे 40 हजार वर्षांनी त्यांच्यात फूट पडलेली दिसते. होआ म्हणतो, चंद्र परत आणू, पृथ्वीशी समेट करू. स्टील म्हणतो, चंद्र पृथ्वीवर आदळू दे, सगळं एकदाचं संपू दे. मला स्टील खलनायक वाटला नाही. इतकी वर्षं मरता न आलेला, थकलेला जीव आहे तो. माझ्या कामात हा वाद नेहमीचा असतो: जुनी सिस्टम दुरुस्त करायची की बंद करून टाकायची? फक्त आमच्या सिस्टममध्ये कुणी राहत नसतं.

दोघांनाही हे काम करायला माणसाचा हात लागतो. होआ इसन नावाच्या बाईबरोबर राहतो, तर स्टील तिच्याच मुलीला, नासनला, गाठतो. या मायलेकींना भूकंप शमवता येतात, आणि नेमकी त्याच शक्तीची लोकांना दहशत. नासनच्या लहान भावाला त्याच कारणासाठी त्यांच्या बापानंच मारलंय. मुलगी जगात टिकावी म्हणून आईनं तिला शिकवताना तिचा हात मोडलाय. असं जग कशाला वाचवायचं, हा त्या पोरीचा प्रश्न आहे. आणि इथल्या आपल्या पोरांनी जेवणाच्या टेबलावर 'तुम्ही आम्हाला कसली पृथ्वी देऊन जाणार?' असं विचारलं की आपण जी उत्तरं देतो, ती नासनपुढे टिकली नसती.

ज्यांना शेवट ऐकायचा नाही त्यांनी अर्धा मिनिट आवाज बंद करा.

शेवटी मायलेकी समोरासमोर येतात. एकीला चंद्र परत आणायचाय, दुसरीला जग थांबवायचंय. झुंज चालू राहिली तर लेक मरणार, हे इसनला दिसतं. ती झुंज सोडून देते आणि तिथेच दगड होते. कुणीतरी आपल्यासाठी हरलं, हे नासन पहिल्यांदा पाहते. मग आईचं काम ती स्वतः पूर्ण करते. स्टीलच्या युक्तिवादाला मात्र पुस्तकात कुणीच सरळ उत्तर देत नाही, आणि ते मला प्रामाणिक वाटलं.

आवाज चालू करा! दुसरा भाग थोडा रेंगाळतो. पहिल्याची सुरुवातही अवघड आहे, पण शेवटी शब्दसूची दिलीय, तिचा उपयोग करा. गाडीत ऐकणार असाल तर रॉबिन माइल्स यांचं वाचन फार छान आहे. पहिला भाग चंद्राबद्दलच्या एका साध्या प्रश्नावर संपतो. म्हणून दुसरा भागही आधीच आणून ठेवा.