राज्याची मानचिन्हे आणि जुन्नर-आंबेगाव



राष्ट्राप्रमाणे राज्यालाही मानचिन्हे असतात. महाराष्ट्राचा राज्यवृक्ष आंबा, राज्यपुष्प तामण, राज्यपक्षी हरियाल आणि राज्यप्राणी शेकरू. पुढे ही यादी वाढली. २०१५ मध्ये ‘ब्लू मॉरमॉन’ हे राज्य फुलपाखरू ठरले. फुलपाखराला असा मान देणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य होय. २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा झाला.

यांतील दोन चिन्हांचे नाते जुन्नर व आंबेगाव तालुक्यांशी आहे. राजा बढे यांनी रचलेले, श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेले व शाहीर साबळे यांनी गायिलेले ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे राज्यगीत १९ फेब्रुवारी २०२३ पासून अंगीकारण्यात आले. १६३० साली याच तारखेस जुन्नरच्या शिवनेरीवर छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म झाला.

दुसरे चिन्ह शेकरू. तांबूस पाठ, फिकट पोट व झुपकेदार शेपटी असलेली ही मोठी खार आंबेगावच्या पश्चिमेस भीमाशंकरच्या रानात नांदते. १८३१ मध्ये साइक्स यांनी तिची शास्त्रीय नोंद केली, तेव्हा मुंबई इलाख्याचे माजी गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचे नाव तिला दिले. राज्याच्या यादीत मात्र रानातल्या माणसांच्या तोंडचे ‘शेकरू’ हेच नाव मानाने विराजमान झाले.

१९८५ मध्ये येथे सुमारे १३१ चौरस किलोमीटरचे अभयारण्य घोषित झाले. परंतु त्याच्या कितीतरी आधीपासून देवराईत देवाच्या नावाने कुऱ्हाड थांबत आली होती. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरते. फांदीवरून फांदीवर झेपावत ते फळे शोधते आणि उंच झाडांवर एकाहून अधिक घरटी बांधते. मधली चार झाडे तुटली, की त्याचा रस्ताच तुटतो.

मूळ वस्त्रच विरले, तर त्यावरील छाप कोठे राहणार? चिन्हाचा मान शासनाच्या कागदावर ठरतो, पण तो टिकतो रानात. भीमाशंकरास जाणाऱ्याने शेकरूला खाऊ घालू नये, प्लास्टिक मागे टाकू नये आणि उभ्या झाडाला धक्का लावू नये. राज्यप्राण्याचा सन्मान तो हाच.