औंढ्याला पोचल्यावर

मैत्रिणींनो, सायकल-यात्रेचा आज शेवटचा दिवस. नर्सीहून औंढ्यापर्यंत लोकांनी देवाचं विचारलंच नाही, विचारलं ते, "संगं गडीमाणूस कोण हाय?"

नामदेवांना इथल्या देवळासमोरून हुसकलं, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरलं, अशी कथा. बायकांसाठी देवळं फिरत नाहीत. औंढ्याच्या तळघरातल्या गाभाऱ्यात आपण वाकून उतरलो खऱ्या, पण शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर चढायला 2016 साल उजाडलं. मंदिरप्रवेशाचा कायदा 1956 चा. तरी तो पाळा, असं उच्च न्यायालयाला सरकारला बजावावं लागलं.

उद्या या सायकली घरी जातील आणि पोरांच्या होतील. दवाखान्यात, बँकेत, ग्रामसभेला जायला त्या आपल्या ताब्यात कशा राहतील, ते आत्ताच बोलू. कोण सुरुवात करतंय?