वाट कोणती धरावी?



व्याख्यानमालेच्या या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे. आम्ही विद्वान नव्हे. आमची शाळा सातवीतच सुटली. पुढचे शिक्षण झाले ते लातूरच्या आडत बाजारात, पोत्यांच्या थप्प्यांजवळ, आणि संध्याकाळी वाचनालयात. हमाल कामगारांच्या संघटनेत आमचे आयुष्य गेले. अशा माणसाने कॉलेजातल्या मुलांना सल्ला द्यावा, हे नवलच. पण सल्ला देऊन आम्ही एकदा चुकलो आहो, आणि त्या चुकीचा हिशेब तुमच्यापुढे मांडावा म्हणून आलो.

निजामाच्या राजवटीत आपल्या भागातील मुलाला पदवी घ्यायची तर हैदराबाद गाठावे लागे. 1918 साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिकवीत ते उर्दूतून. 1948 साली मराठवाडा मुक्त झाला आणि 1950 साली नांदेडला पीपल्स कॉलेज व औरंगाबादला डॉ. आंबेडकरांचे मिलिंद महाविद्यालय उभे राहिले. 1958 साली मराठवाडा विद्यापीठ झाले, 1994 साली नांदेडचे. ज्यांचे नाव त्या विद्यापीठाला दिले, ते स्वामी रामानंद तीर्थ शिक्षक होण्यापूर्वी ना. म. जोशी यांच्याबरोबर कामगार चळवळीत वावरलेले होते. विद्या आणि श्रम यांचे नाते त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

आज कॉलेज दाराशी आले आहे. ‘लातूर पॅटर्न’ राज्यभर गाजला आहे. त्याचा आम्हांलाही अभिमान आहे. त्या अभिमानातच आमची चूक झाली.

आमच्या एका जोडीदार हमालाची मुलगी दहावीला चांगल्या गुणांनी पास झाली. आम्ही चारजण त्याच्या ओट्यावर बसलो. ‘पोरीला डॉक्टर करा, पैशाचे बघू,’ हे वाक्य आमच्याच तोंडचे. अर्धा एकर जमीन गहाण पडली. शिकवणी लागली, खोली भाड्याने घेतली. मुलगी दोनदा परीक्षेला बसली. प्रवेश मिळाला नाही. नंतर ती आम्हांला म्हणाली, “काका, त्या दिवशी तुम्ही सगळ्यायला इचारलं. मलाच तेवढं इचारलं नाही.”

मित्रहो, संघटनेचे मागणीपत्र आम्ही सभासदांना विचारल्यावाचून कधी धाडले नाही. आणि एका मुलीच्या आयुष्याचे मागणीपत्र तिला न विचारता लिहून मोकळे झालो! तिला हिशेबाची आवड होती. बापाच्या हमालीची चिठ्ठी रोज रात्री तीच तपासायची. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले होते, पण त्याला विद्या म्हणावे हे सुचले नाही.

म्हणून पहिली गोष्ट आईबापांना सांगतो: आधी मुलाला विचारा.

दुसरी गोष्ट आकड्यांची. 2024 साली नीट परीक्षेला देशभरातून 23 लाखांहून अधिक मुले बसली, एम.बी.बी.एस.च्या जागा होत्या लाखाच्या थोड्या वर. म्हणजे वीस-बावीस मुलांमागे एक जागा. यात न बसलेली मुले नालायक कशी? जागाच नाहीत! प्रयत्न जरूर करा. पण किती वेळा करायचा आणि किती पैसा घालायचा, हे आरंभीच कागदावर लिहा. त्याच कागदावर दुसरी वाटही लिहा. अपयशाच्या रात्री दुसरी वाट सुचत नसते.

तिसरी गोष्ट: हाताच्या विद्येला कमी लेखू नका. लातूरच्या शासकीय तंत्रनिकेतनात दहावीनंतर तीन वर्षांची पदविका मिळते, आणि पुढे इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. हरंगुळला रेल्वे डब्यांचा कारखाना उभा आहे. 2020 च्या डिसेंबरात तेथून पहिला सांगाडा बाहेर पडला. डबा जोडायला वेल्डर लागतो, वायरमन लागतो, फिटर लागतो. ही कामे आपल्या मुलांना यावीत, नाहीतर परगावची मुले येऊन करतील आणि आपण कुंपणाबाहेर उभे राहून पाहू.

चौथी गोष्ट आमच्या धंद्यातली. नोकरीच्या कागदावर वाचल्याशिवाय सही करू नका. 1961 च्या अप्रेंटिस कायद्याप्रमाणे शिकाऊ उमेदवार हा कामगार गणला जात नाही. तेव्हा आपण उमेदवार आहो की कामगार, हे पहिल्या दिवशीच पाहा. नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतील काही कलमांशी आमचे भांडण आहे. पण नेमणूकपत्र द्यावे, हे त्यांतले कलम चांगले आहे. ते मागून घ्या. पगारातून भविष्यनिर्वाह निधी कापला, तर तो खात्यात जमा झाला का, हेही पाहा. 1969 साली माथाडी कायदा झाला, त्यामागे शिकलेले वकील होते तसे अंगठेबहाद्दर हमालही होते. कायदा वाचणाऱ्याला सहसा कोणी फसवीत नाही.

पाचवी आणि शेवटची: घरची गरज असेल तर कमवा, पण शिक्षण सोडू नका. 1989 साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघाले ते अशांसाठीच. आणि काहीही शिका, रोज तासभर अभ्यासाबाहेरचे वाचा. आम्हांला दुसरी शाळा मिळाली नाही. त्या एका तासाने आम्हांला तारले.

त्या मुलीचे पुढे काय झाले? ती दिवसा एका दुकानात हिशेब लिहिते आणि मुक्त विद्यापीठातून वाणिज्य शाखेची पदवी घेते आहे. यंदा तिचे शेवटचे वर्ष. जमीन अजून सुटलेली नाही. तिच्या बापाबरोबर आम्हीही त्या हप्त्याला हातभार लावतो, कारण ते कर्ज निम्मे आमच्या सल्ल्याचे आहे.

सल्ला देणाऱ्याने एवढी जबाबदारी पत्करावी, आणि घेणाऱ्याने सल्ला पारखून घ्यावा. आमचाही! इतके सांगून आम्ही आपली रजा घेतो.