खोलीची व्यवस्था

सर्जन आणि इंजिनिअर मित्रहो,

गेले दोन महिने स्वागत समितीला एकच घोर होता : एवढ्या पाहुण्यांना खोल्या कुठून आणायच्या? त्या मिळाल्या. पण तुम्ही ज्या खोलीसाठी जमला आहात, ती चित्र शरीराच्या आत भासवणारी खोली; ती काही आम्हाला बुक करता आली नाही.

१९९२ साली नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात बजुरा, फुक्स आणि ओबुची यांनी गर्भवतीची सोनोग्राफी थेट तिच्या पोटाच्या जागी दाखवली. पाहणाऱ्याच्या डोक्यावर पडदा बसवलेला होता. चित्र दिसलं, पण पोटाच्या आत नाही, पोटावर डकवल्यासारखं. जे झाकतं ते पुढे आणि जे झाकलं जातं ते मागे, हा मेंदूचा जुना हिशेब. चित्र त्वचेला झाकत होतं, म्हणून मेंदूने ते बाहेर ठेवलं. मग चित्राभोवती एक खोटा खड्डा रेखाटण्याची युक्ती निघाली. खड्ड्याची कड पुढे, चित्र तिच्यामागे, की ते आत उतरतं. (खड्ड्याने कुणाचं भलं होतं, हे आपल्या गावात ऐकायला विचित्र वाटेल.) मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी मेंदूतल्या रक्तवाहिन्यांसाठी धुकं वापरून पाहिलं. पावसाळ्यात घाटात पलीकडचा डोंगर फिका दिसतो, तशी खोलवरची वाहिनी फिकी.

असं चित्र डोळ्यांपुढे दाखवणाऱ्या चष्म्याची अडचण वेगळीच. होलोलेन्स या अशा चष्म्याचं चित्र सुमारे २ मीटरवर फोकस होतं; आम्हा सर्जनचे हात असतात अर्ध्या मीटरवर. बोट स्पष्ट दिसतं तेव्हा चित्र पुसट, आणि चित्र पाहावं तर बोट पुसट.

मी दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया शिकलो त्या सपाट पडद्यावर. पहिले कित्येक दिवस चिमटा सुईच्या अलीकडेच हवेत बंद व्हायचा. तेव्हापासून देखण्या चित्राचं मला कौतुक नाही. शीर ५ मिलिमीटर वर भासली, तर त्यापेक्षा चित्र नसलेलंच बरं.

व्यवस्थेत काही कमी-जास्त झालं तर सांभाळून घ्या. आणि सर्जन मंडळींना एक विनंती : शेजारच्या दालनात जेलचं यकृत ठेवलं आहे. हेडसेट लावून त्यात सुई घाला, आणि ती कुठे चुकली ते इंजिनिअरना भीड न ठेवता, मिलिमीटरमध्ये सांगा.