भाजणाऱ्यांची साखळी



पॅरिस शहरात एका रस्त्याला अस्वलांचा रस्ता म्हणतात. वास्तविक अस्वलांचा त्याच्याशी कधी संबंध नव्हता. त्याचे मूळ नाव हंसांचा रस्ता. जुन्या फ्रेंच भाषेतील हंसाचा शब्द लोक विसरले आणि उच्चाराच्या साधर्म्याने तेथे अस्वल येऊन बसले! हे हंस मानससरोवरातले नव्हेत. बदकाहून थोराड, पाळीव असे ते पक्षी. ते सळईवर भाजून विकणाऱ्यांची दुकाने त्या रस्त्यावर होती. आपल्यापैकी पुष्कळांना हे वर्णन रुचणार नाही. तथापि आजचा विषय पक्ष्यांचा नसून भाजणाऱ्यांचा आहे.

'शेन दे रोतिसर', म्हणजे भाजणाऱ्यांची साखळी, या नावाचा एक भोजनरसिकांचा संघ आज अनेक देशांत आहे. गळ्यात रंगीत पट्टा व पदक घालून सभासद मेजवानीला बसतात. शाखाप्रमुखाला 'बाय्यी' म्हणतात. ही पदवी फ्रान्सच्या राजाच्या अधिकाऱ्याची. संघ आपला उगम १२४८ साली, नवव्या लुईच्या काळात, हंस भाजणाऱ्यांच्या संघटनेत शोधतो. आपल्या शिलालेखांत जिला श्रेणी म्हटले आहे, तशीच ती व्यवसायाची संघटना होती.

त्या काळचा खरा दस्तऐवज म्हणजे पॅरिसचा नगराधिकारी एत्येन ब्वालो याने १२६८ च्या सुमारास सिद्ध केलेला व्यवसायांचा ग्रंथ. त्यातील या धंद्याचे नियम मनोरंजक आहेत. मांस चांगले व खाण्याजोगे असेल तरच शिजवावे. शिजवलेले मांस तीन दिवसांपलीकडे विक्रीला ठेवू नये; मीठ लावलेले असेल तर गोष्ट निराळी. दुसऱ्याच्या दुकानापुढे गिऱ्हाईक उभे असेल, तर ते आपण होऊन हलेपर्यंत त्याला हाक मारू नये. (आपल्या मंडईत हा नियम लावला तर केवढी शांतता होईल!) आणि दंडाच्या रकमेचा तिसरा हिस्सा धंद्यातील गरीब म्हाताऱ्या माणसांच्या पोषणासाठी द्यावा. मला या शेवटच्या नियमाचे मोल सर्वांत अधिक वाटते.

पुढे या श्रेण्या हळूहळू मक्तेदाऱ्या झाल्या. अमुक पदार्थ अमक्यानेच विकावा, यावरून तंटे माजले. १७७६ च्या फेब्रुवारीत तुर्गो या मंत्र्याने त्या मोडल्या. मे महिन्यात त्याचे मंत्रिपद गेले आणि ऑगस्टमध्ये त्या पुन्हा उभ्या राहिल्या. राज्यक्रांतीने मात्र १७९१ मध्ये त्यांचा कायमचा निकाल लावला.

मग १९५० उजाडले. महायुद्धापासून चालू असलेले रेशनिंग फ्रान्समध्ये १९४९ साली संपले होते. अशा वेळी डॉ. ओग्यूस्त बेकार, जाँ वाल्बी व क्युर्नोन्स्की या रसिकांनी लुई जिरोदाँ व मार्सेल दोरँ या दोन पाककुशल व्यावसायिकांना बरोबर घेऊन जुन्या नावाचे पुनरुज्जीवन केले. क्युर्नोन्स्की हे अस्सल फ्रेंच गृहस्थ. मूळ नाव मोरिस साय्याँ. रशियन नावांची चलती असताना 'का नको?' या अर्थाच्या लॅटिन शब्दांना त्यांनी रशियन शेपूट जोडले. १९२७ मध्ये त्यांना भोजनरसिकांचा राजपुत्र म्हणून निवडण्यात आले होते.

१७९१ आणि १९५० यांमध्ये १५९ वर्षांची दरी आहे. तेव्हा हे नाते रक्ताचे नव्हे, दत्तकाचे आहे. दत्तकात कमीपणा मुळीच नाही. पण नाव व इस्टेट घेणाऱ्याने घराण्याचे देणेही पत्करायचे असते. नाव, चिन्हावरच्या फुलीसारख्या सळया, ती फिरवणारी साखळी, ही इस्टेट संघाने आनंदाने घेतली. देण्याचे काय? जुनी श्रेणी राबणाऱ्यांची होती. नव्या संघात राबणारे आणि जेवणारे दोघेही आहेत, आणि जेवणाऱ्याला पट्टा मिरवणे सोपे असते. तरीही हिशेब अगदीच कोरा नाही. १९७७ पासून हा संघ तरुण पाककर्मींची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवीत आला आहे, आणि २००८ मध्ये त्याने स्वतंत्र धर्मादाय संस्था काढली. म्हणजे ऋणफेडीला आरंभ व्हायला ५८ वर्षे लागली, असे फार तर म्हणता येईल. शिवाय त्यांच्या मेजवानीत एक चाल आहे: जेवणे आटोपली की भटारखान्यातील सर्व मंडळींना दालनात बोलावतात आणि टाळ्या वाजवून त्यांचा गौरव करतात.